अरुंधती कोणाकोणाला दिसली?

लग्नातले बहुतेक विधी उरकत आलेले असतात. पंगत बसायची घाई, फोटोग्राफरची घाई, दुपारच्या गाडीने परतणाऱ्या पाहुण्यांची घाई. तेवढ्यात गुरुजी नवरानवरीला वर बोट दाखवून सांगतात, ‘ती अरुंधती. नमस्कार करा.’ भर दुपारी मंगल कार्यालयाच्या छताखाली दोघे मुकाट्याने पंख्याला नमस्कार करतात आणि विधी संपतो.

त्याच दिवशी, त्याच घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरत असतो. वसिष्ठ आणि अरुंधती ही एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांची जोडी आहे, इतर जोड्यांत एक स्थिर असतो आणि दुसरा फिरतो, इथे मात्र दोघे समान, आणि हे आपल्या ऋषींना हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होते, असे त्यात लिहिलेले असते. खाली हात जोडल्याची चित्रे. ज्यांनी नुकताच पंख्याला नमस्कार केला, तेच हा मजकूर पुढे पाठवतात. पाहणे सुटले आणि अभिमान तेवढा उरला, ही या जोडीची आजची अवस्था आहे. ती कशी झाली, हे समजायला थोडे मागे आणि थोडे दूर जावे लागेल.

सप्तर्षींच्या चौकोनाला जोडलेल्या शेपटीत तीन तारे आहेत. मधला वसिष्ठ. त्याला चिकटून असल्यासारखी, त्याच्यापेक्षा बरीच मंद, ती अरुंधती. दोघांमधले अंतर चंद्रबिंबाच्या व्यासाच्या निम्म्याहूनही कमी. वसिष्ठ दुसऱ्या प्रतीचा, अरुंधती चौथ्या प्रतीची. काळोख्या रात्री साध्या डोळ्यांना ती दिसते, पण आपणहून लक्षात येत नाही. कोणीतरी दाखवावी लागते. जगभरच्या लोकांनी या जोडीला दिलेली नावे आणि तिच्याभोवती रचलेल्या कथा या दाखवण्याच्या गरजेतून आलेल्या आहेत.

महाराष्ट्रातल्या ऋग्वेदी घरांत चालणाऱ्या आश्वलायन गृह्यसूत्रात हा विधी स्पष्ट सांगितला आहे. विवाहानंतरची रात्र वधूने अशा वृद्ध स्त्रीच्या घरी काढावी जिचा नवरा आणि मुले हयात आहेत. ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी दिसेपर्यंत तिने बोलायचे नाही. दिसल्यावर मौन सोडायचे, पतीला दीर्घायुष्य आणि आपल्याला संतती मागायची. म्हणजे तारा दिसणे ही मौन सुटण्याची अट होती. ढग आले तर थांबणे आले. छताकडे बोट दाखवून ही अट पुरी होत नाही.

त्याच सूत्रात विवाहाचा काळही दिला आहे. उत्तरायण, शुक्ल पक्ष, शुभ नक्षत्र. या नियमाशेजारी आजचे आकाश ठेवून पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रातून मे महिन्यात रात्री आठच्या सुमारास सप्तर्षी उत्तरेला चांगले उंच आलेले असतात. तुळशीच्या लग्नानंतर जो लग्नांचा धडाका सुरू होतो, त्या नोव्हेंबर-डिसेंबरात संध्याकाळी वसिष्ठ आणि अरुंधती क्षितिजाखाली असतात. नोव्हेंबरअखेर ती उगवतात मध्यरात्र उलटून गेल्यावर. त्या मोसमातल्या लग्नात अगदी रात्री आठ वाजता अंगणात जाऊन पाहिले, तरी अरुंधती दिसायची नाही.

सूत्रकारांच्या काळी ही अडचण नव्हती. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक गिरकी घेतो, त्यामुळे आकाशाचा उत्तर ध्रुव ताऱ्यांमधून सरकत राहतो. आज वसिष्ठ त्या ध्रुवबिंदूपासून सुमारे ३५ अंशांवर आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी तो जेमतेम २१-२२ अंशांवर होता. कुरुक्षेत्राच्या अक्षांशावरून तेव्हा तो कधी मावळतच नसे, वर्षभर, रात्रभर आकाशात. होमरच्या इलियडमध्येही हेच तारे, तिथले अस्वल, समुद्रात कधीच न्हात नाही असे म्हटले आहे. जो तारा कधी मावळत नाही, त्याला निष्ठेची उपमा द्यावी हे सहज सुचण्यासारखे होते. तारा हळूहळू ध्रुवापासून दूर गेला, मुहूर्त दिवसावर आले, विधी मात्र शब्दशः तसाच राहिला.

आता अरुंधती मंद का, हा प्रश्न. महाभारताच्या आदिपर्वात, खांडववन जळाल्यानंतरच्या प्रसंगात, मंदपाल ऋषी बायकोला टोमणा मारताना याचे उत्तर देतो. वसिष्ठासारख्या एकनिष्ठ पतीवर अरुंधतीने संशय घेतला, म्हणून ती धुरकट, तांबूस झाली आणि कधी दिसते, कधी दिसत नाही. पतिव्रतांचा आदर्श म्हणून जिच्याकडे बोट दाखवायचे, तिच्याविषयी महाभारतातच असा किस्सा आहे, हे लग्नपत्रिकांना ठाऊक नसते. पण त्या वाक्यात एक खरे निरीक्षण आहे. दृष्टीच्या आणि हवेच्या सीमेवरचा तारा असाच कधी दिसतो, कधी हरवतो.

वनपर्वातली कथा याहून विलक्षण आहे. अग्नीवर भाळलेल्या स्वाहेने सप्तर्षींच्या बायकांची रूपे एकामागून एक घेतली. सहा जमली, सातवे, अरुंधतीचे, घेता येईना. संशयाने ऋषींनी आपापल्या सहा बायकांना टाकले. त्या आकाशात कृत्तिका झाल्या. शतपथ ब्राह्मणातही कृत्तिका या सप्तर्षींच्या, म्हणजे पूर्वीच्या ‘ऋक्षां’च्या, पत्नी आहेत आणि नवऱ्यांपासून दुरावलेल्या आहेत. नवरे उत्तरेला उगवतात, त्या पूर्वेला. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत हे त्याच ग्रंथातले विधान शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी हेरले. १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या मराठी ग्रंथात त्यांनी त्यावरून गणित मांडून त्या निरीक्षणाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० असा काढला. त्या निष्कर्षावर वाद झाले आणि होत राहतील, पण दीक्षितांनी वाक्य पुढे ढकलले नाही, आकाशाशी ताडून पाहिले, हे महत्त्वाचे.

कृत्तिका आणि ही जोडी यांचा संबंध जोडणारे आपण एकटे नाही. ग्रीक टीकाकारांनी सांगितलेल्या एका कथेत कृत्तिकांपैकी इलेक्ट्रा ट्रॉयचा विध्वंस पाहवेना म्हणून बहिणींना सोडून गेली आणि सप्तर्षींच्या शेपटीतल्या मधल्या ताऱ्याजवळ राहिली. कझाख आणि किरगिझ माळरानांवर सप्तर्षी म्हणजे सात दरोडेखोर. त्यांनी कृत्तिकांची, म्हणजे तिथल्या ‘उरकेर’ची, मुलगी पळवली. ती मुलगी म्हणजे ही मंद तारका. आकाश लक्ष देऊन पाहणाऱ्याला यातला हिशेब कळतो. कृत्तिकांच्या पुंजक्यात बहुतेकांना सहा तारे दिसतात, परंपरा मात्र सात म्हणते. इकडे सप्तर्षी सात, पण नीट पाहिले तर आठवी तारका सापडते. तिथे एक कमी, इथे एक जास्त. तीन भाषांतल्या कथाकारांनी तिथली हरवलेली इथे आणून बसवली. आपल्या कथेने तर सहा तिकडे आणि एक इकडे असा चोख जमाखर्च मांडला.

दिसते की नाही, या प्रश्नाचे पुढे दोन फाटे फुटले. अरबांनी या तारकेला ‘सुहा’ म्हटले आणि तिच्यावर डोळ्यांची परीक्षा घ्यायची रीत पाडली. तेराव्या शतकातल्या अल्‌-कझवीनीसारख्या ग्रंथकारांनी ती नोंदवली आहे. मी त्याला सुहा दाखवतो आणि तो मला चंद्र दाखवतो, या अर्थाची एक म्हणही अरबीत रूढ झाली. सूक्ष्म मुद्दा मांडावा आणि समोरच्याने ढोबळ उत्तर द्यावे, त्यावेळी ती वापरतात.

दुसरा फाटा मृत्यूकडे गेला. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात आसन्नमरण रोग्याची लक्षणे दिली आहेत. सप्तर्षींजवळची अरुंधती ज्याला दिसत नाही तो वर्षाअखेर मृत्यूचा अंधार पाहतो, असे तिथे म्हटले आहे. सुश्रुतानेही अरुंधती न दिसणे हे आयुष्य सरल्याचे चिन्ह मानले. जपानमध्ये हीच तारका ‘जुम्योबोशी’, आयुष्याची तारका, झाली. ती दिसेनाशी झाली की ते वर्ष शेवटचे. वैद्याच्या बाजूने पाहिले तर यात निव्वळ भाबडेपणा नाही. काचेची भिंगे नसलेल्या काळात मंदावत चाललेली दृष्टी हे वार्धक्याचे सर्वांत सहज तपासता येणारे चिन्ह होते आणि तपासणीचा तक्ता रोज रात्री डोक्यावर फुकट टांगलेला होता.

राज्यकर्त्यांनी यात राज्यकारभार पाहिला. चीनमध्ये वसिष्ठाचे नाव ‘खाययांग’ आणि शेजारच्या तारकेचे ‘फू’, म्हणजे साहाय्यक. इसवी सनापूर्वी १०० च्या सुमारास सिमा छ्येन याने लिहिलेल्या इतिहासग्रंथातल्या आकाशविषयक प्रकरणात एक ठोकताळा आहे. फू ठळक आणि जवळ दिसली तर मंत्री राजाच्या जवळचे आणि बळकट, लहान आणि दूर दिसली तर ते दुरावलेले आणि दुबळे. युरोपातल्या शेतकऱ्यांनी घोडा आणि स्वार पाहिला. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मिकमॅक लोकांच्या कथेत सप्तर्षींचा चौकोन हे अस्वल आहे आणि मागे लागलेले तारे शिकारी पक्षी. त्यांतला मधला, चिकडी नावाचा चिमुकला पक्षी, मांस शिजवायचे भांडे बरोबर घेऊन निघाला आहे. ते भांडे म्हणजे आपली अरुंधती.

आणि आपल्याच खेड्यांत, विदर्भातल्या गोंड वस्त्यांतही, सप्तर्षी म्हणजे म्हातारीची खाट आणि ती पळवायला आलेले तीन चोर. एकाच राज्यात, एकाच रात्री, ओसरीवरच्या भटजींचा वसिष्ठ हा शेतात राखणीला बसलेल्या माणसाचा मधला चोर असतो. दोन्ही पाहण्यांना सारखाच इतिहास आहे. पोथीत एकच चढले म्हणून तेवढेच ‘आपले’ ठरत नाही.

एवढ्या नावांतून एक गोष्ट दिसते. जवळजवळ प्रत्येकाने या दोघांत एक मोठा आणि एक लहान असे नाते कल्पिले. राजा-मंत्री, घोडा-स्वार, दरोडेखोर आणि पळवलेली मुलगी, ऋषी आणि त्याची पत्नी. नाते कोणते, ते त्या त्या समाजाने स्वतःच्या घरातून आणले. आकाशाने पुरवले होते ते फक्त एक ठळक आणि एक मंद ठिपका. बाकी सारे पाहणाऱ्याचे.

पाहण्याची पद्धत मात्र आपल्याकडे फार नेमकी मांडली गेली. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्य तिचा दाखला देतात. ज्याला अरुंधती दाखवायची, त्याला आधी शेजारचा ठळक तारा ‘हीच अरुंधती’ म्हणून दाखवावा. त्यावर नजर स्थिरावली की, ती ही नव्हे, म्हणत खऱ्या सूक्ष्म तारकेकडे न्यावे. ठळकावर थांबायचे नाही, ते पुढच्या पायरीसाठी असते. गेल्या ४०० वर्षांत दुर्बिणीने याच जोडीबाबत नेमके हेच केले.

१६१७ च्या जानेवारीत बेनेदेत्तो कास्तेल्ली याने आपला गुरू गॅलिलिओ याला कळवले की मोठ्या अस्वलाच्या शेपटीतला एक तारा दुर्बिणीतून पाहण्यासारखा आहे. गॅलिलिओने पाहिला. वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा निघाला, मधले अंतर सुमारे १५ विकला, म्हणजे वसिष्ठ-अरुंधतीमधल्या अंतराच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतके. गॅलिलिओला हवा होता पृथ्वी फिरते याचा पुरावा. ठळक तारा जवळचा आणि मंद तारा दूरचा असेल, तर वर्षभरात दोघांमधले अंतर बदलताना दिसेल असा त्याचा कयास होता. तसे काहीच दिसले नाही. दोन्ही तारे खरोखरच शेजारी होते आणि त्याने धरले होते त्याहून कल्पनेपलीकडे दूर. योग्य जागी पाहूनही, ताऱ्यांच्या जोड्या असतात हे त्याच्या मनात नसल्यामुळे तो शोध हुकला. गुरुत्वाने बांधलेले जुळे तारे असतात हे विल्यम हर्शेलने दाखवले ते १८०३ साली.

१७२२ मध्ये योहान लीबक्नेश्त या जर्मन प्राध्यापकाला वसिष्ठ आणि अरुंधतीच्या मधोमध एक अंधुक ठिपका दिसला. तो हललासा वाटला म्हणून त्याने नवा ग्रह सापडल्याचे जाहीर केले आणि त्याला आपल्या राज्यकर्त्याचे, लुडविगचे नाव देऊन टाकले. ठिपका म्हणजे मागचा एक साधा तारा होता. आश्रयदात्याचे नाव आकाशात चढवायची घाई झाली की डोळा हवे ते पाहतो, ही गोष्ट कोणत्याही एका देशाची नाही.

१८५७ मध्ये हार्वर्ड वेधशाळेत जॉर्ज बाँड याने ओल्या कलोडियन काचेवर या जोडीचे छायाचित्र घेतले. छायाचित्रात पकडलेला हा पहिला जोडतारा. तीन दशकांनी त्याच वेधशाळेत वसिष्ठाच्या ठळक घटकाचे वर्णपट काचांवर जमा होत होते. त्यांतली कॅल्शियमची एक रेषा काही काचांवर एकेरी होती, काहींवर दुहेरी. एक तारा आपल्याकडे येतो तेव्हा त्याची रेषा एका बाजूला सरकते, त्याच वेळी दूर जाणाऱ्या जोडीदाराची दुसऱ्या बाजूला. दोघे आडवे जात असले की रेषा पुन्हा एक होते. एडवर्ड पिकरिंग यांनी १८८९ मध्ये हे जाहीर केले तेव्हा त्या काचांचा बारकाईने अभ्यास अँटोनिया मॉरी या तरुणीने केला होता. तेव्हाच्या कोणत्याही दुर्बिणीत वेगळे न दिसणारे दोन तारे केवळ वर्णपटावरून ओळखले गेले, ते पहिल्यांदा. त्यांची फेरी साडेवीस दिवसांची आहे हे पुढे ठरले. वसिष्ठाचा दुसरा घटकही तसाच जोडतारा निघाला. वसिष्ठ चौघांचा झाला.

अरुंधतीचे काय? रिचर्ड प्रॉक्टरने १८६९ मध्ये दाखवून दिले होते की सप्तर्षींपैकी पाच तारे एकाच दिशेने, एकाच वेगाने चालले आहेत. ते एकाच मेघातून सुमारे ४० ते ५० कोटी वर्षांपूर्वी जन्मलेले. दोन टोकांचे मरीची आणि क्रतू तेवढे परके, वसिष्ठ, अंगिरस, अत्री, पुलस्त्य, पुलह सख्खे. अरुंधतीही त्याच कुटुंबातली. पण ती वसिष्ठाला गुरुत्वाने बांधलेली आहे का, याबद्दल खगोलशास्त्रज्ञांचे एकमत नव्हते. २००९ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांना, एकाला पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीतून आणि दुसऱ्याला ॲरिझोनातल्या मोठ्या दुर्बिणीतून, अरुंधतीला चिकटून असलेला एक तांबूस खुजा तारा सापडला. त्याच्यासह गणित केले तेव्हा अरुंधती आणि वसिष्ठ बांधलेले असण्याची शक्यता बळकट झाली. चार अधिक दोन, असा हा सहा ताऱ्यांचा, सुमारे ८० प्रकाशवर्षांवरचा परिवार आहे.

आता त्या व्हॉट्सॲप मजकुराकडे वळू. अरुंधती वसिष्ठाभोवती फिरत असली तर तिला एका फेरीला लाखो वर्षे लागतात. तेवढा काळ माणूस नावाचा प्राणीच आकाशाकडे पाहत आलेला नाही. साध्या डोळ्यांनी हे फिरणे कोणालाही, कोणत्याही काळी, दिसणे अशक्य होते. दोघे समान हेही खरे नाही. वसिष्ठाच्या चार ताऱ्यांचे वस्तुमान अरुंधतीच्या सुमारे तिप्पट आहे आणि समान केंद्राभोवती जड बाजू कमी सरकते. शिवाय इतर जोड्यांत एक तारा स्थिर असतो हे विधानच चूक. विश्वातल्या प्रत्येक जोडीतले दोन्ही तारे फिरतात. त्या मजकुरातले एकही वाक्य जसेच्या तसे टिकत नाही, आणि ते टिकले नाही म्हणून आपल्या पूर्वजांच्या प्रतिष्ठेला काडीचाही धोका नाही.

भीष्मपर्वात व्यास धृतराष्ट्राला युद्धाआधीचे अपशकुन सांगतो, त्यांत अरुंधतीने वसिष्ठाला मागे टाकल्याचा उल्लेख येतो. त्यावरून अक्षचलनाचे गणित करून महाभारत युद्धाचा काळ हजारो वर्षे मागे नेणारी पुस्तके निघाली आहेत. त्याच यादीत मूर्ती हसतात, थरथरतात, असेही शकुन आहेत. त्यांतले एक वाक्य वेध म्हणून उचलायचे आणि शेजारचे रूपक म्हणून सोडून द्यायचे, ही निवड गणिताआधीच झालेली असते. दीक्षितांच्या पद्धतीत आणि या पद्धतीत फरक आहे तो इथे.

पूर्वजांचे श्रेय खोट्या दाव्यांहून मोठे आहे. चौथ्या प्रतीची एक तारका त्यांनी नीट पाहिली, तिला नाव दिले, ती मुलीबाळींना दाखवायची असा नेम घातला, ती दाखवण्याची शिस्तही सांगून ठेवली. ज्या समाजात प्रत्येक नववधूला एकदा तरी उत्तरेकडे तोंड करून आकाश वाचावे लागत होते, त्या समाजाने खगोलाचा एक धडा सर्वांच्या आयुष्यात घातला होता. तो धडा आपण बंद केला. शहरांच्या उजेडात मुंबई-पुण्याहून अरुंधती जवळजवळ पुसली गेली आहे, हा त्याच दुर्लक्षाचा दुसरा भाग. ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्था १९४४ पासून लोकांना आकाश दाखवत आल्या आहेत. त्यांच्या एका आकाशदर्शनाला गेलेला माणूस दहा अभिमानी मजकुरांहून अधिक शिकून येतो.

वैशाखातली लग्ने बरीचशी संध्याकाळच्या स्वागतसमारंभापर्यंत लांबतात. त्या रात्री आठ-साडेआठला हिरवळीवरचे दिवे दहा मिनिटे मालवायला सांगावे. गुरुजींनी, नाहीतर पाहुण्यांतल्या एखाद्या शाळामास्तरांनी, उत्तरेकडचा खाटेचा चौकोन आधी दाखवावा, मग शेपटीतला मधला ठळक तारा, मग त्याच्या शेजारची ती मंद तारका. नवरानवरीने दोघांनी पाहावी, कारण आता मौन आणि निष्ठा एकट्या वधूकडून मागायचे दिवस गेले. आणि दोघांपैकी कोणाला ती दिसली नाही, तर चरकाचे भाकीत मनावर न घेता दुसऱ्या दिवशी चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा.